पूर्वज मानलेला डोंगर



ज्वालामुखी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरलेले चित्र उभे राहते. आभाळात चढणारा धुराचा लोट, उतारावरून ओघळणारा तांबडालाल रस आणि जीव घेऊन पळणारी माणसे. शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकातही बहुधा हेच चित्र असते. आज मी आपल्याला ज्या ज्वालामुखीवर नेणार आहे तो असा नाही. त्याच्यावर गुडघाभर गवत वाढले आहे. सकाळी म्हातारी माणसे तिथे फिरायला येतात. पायथ्याशी शाळा आहे, दुकाने आहेत, घरांच्या ओळी आहेत. भोवती सुमारे सतरा लाख वस्तीचे शहर पसरले आहे आणि त्या शहराच्या मधोमध हा डोंगर स्वस्थ बसला आहे.

हे शहर म्हणजे न्यूझीलंड देशातले ऑकलंड. मुंबईपासून सुमारे बारा हजार किलोमीटरवर, पृथ्वीच्या दक्षिण अंगाला. आपल्याकडे आषाढ-श्रावणाच्या सरी पडतात तेव्हा तिकडे हिवाळा असतो. डोंगराला दोन नावे आहेत. तिथल्या मूळच्या लोकांना माओरी म्हणतात; त्यांनी दिलेले नाव माउंगाफाऊ. माउंगा म्हणजे डोंगर, आणि फाऊ नावाचे एक झाड आहे. त्याचे लाकूड इतके हलके की जाळे पाण्यावर तरंगत ठेवण्यासाठी कोळी लोक ते वापरीत. तेव्हा माउंगाफाऊ म्हणजे फाऊच्या झाडांचा डोंगर. आपल्याकडे आंबेगाव, पिंपळगाव, वडगाव अशी नावे पडली, त्यातलाच हा प्रकार.

दुसरे नाव इंग्रजांनी दिले : माउंट ईडन. हे नाव कोठून आले ते आपल्याला मुद्दाम सांगायला हवे, कारण त्याचा धागा थेट साताऱ्यापर्यंत येतो. जॉर्ज ईडन, म्हणजेच लॉर्ड ऑकलंड, हा १८३६ ते १८४२ पर्यंत हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होता. त्याच्याच कारकिर्दीत, १८३९ साली, साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना कंपनी सरकारने गादीवरून काढले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी लंडनला गेले, वर्षानुवर्षे तिथे राहिले, परंतु दाद लागली नाही. याच लॉर्ड ऑकलंडने पूर्वी विलायतेत आरमारखात्याचा प्रमुख असताना हॉब्सन नावाच्या अधिकाऱ्याला जहाजाची कामगिरी दिली होती. तो हॉब्सन पुढे न्यूझीलंडचा गव्हर्नर झाला. त्याने १८४० साली नवी राजधानी वसवली आणि उपकारकर्त्याचे नाव तिला दिले. शहराला ऑकलंड हे नाव मिळाले आणि डोंगराला ईडन. कलकत्त्याच्या ईडन गार्डन्समध्येही नाव आहे ते याच घराण्याचे. डोंगराजवळ ईडन पार्क नावाचे क्रिकेटचे मैदान आहे. भारताने परदेशातली आपली पहिली कसोटी मालिका १९६८ साली न्यूझीलंडमध्ये जिंकली, तिचा शेवटचा सामना याच मैदानावर झाला.

ज्या माणसाने तो डोंगर जन्मात पाहिला नाही, त्याचे नाव डोंगराला चिकटले. आज मात्र तिथल्या पाटीवर माओरी नावही मानाने लिहिलेले असते. हे आपोआप घडलेले नाही. त्या घडण्याचीच हकीकत आज सांगायची आहे. पण आधी डोंगर वर चढून पाहू.

चढण्यापूर्वी एक शंका मनात येईल. भर शहरात ज्वालामुखी, आणि लोक तिथे राहतात कसे? तर ध्यानात घ्या, ऑकलंडमध्ये एक नाही, लहानमोठे मिळून सुमारे त्रेपन्न ज्वालामुखी आहेत. कोठे टेकडी, कोठे खोलगट तळे, कोठे समुद्रात घुसलेले गोल आखात. पहिला स्फोट झाला त्याला दोनेक लाख वर्षे झाली असे भूशास्त्रज्ञ सांगतात. जमिनीखाली ऐंशी-शंभर किलोमीटर खोल दगडाचा रस तयार होतो आणि अधूनमधून एखादी वाट फोडून वर येतो. मात्र इथली रीत अशी की, एकदा वापरलेल्या वाटेने तो सहसा पुन्हा येत नाही. दरखेपेस नवी जागा. प्रत्येक टेकडी बहुधा एकदाच पेटली आणि कायमची थंड झाली. माउंगाफाऊ पेटला तो सुमारे अठ्ठावीस हजार वर्षांपूर्वी. तो स्वतः पुन्हा पेटण्याची भीती जवळजवळ नाही. परंतु जमिनीखालची चूल विझलेली नाही. पुढचा स्फोट केव्हा तरी होईल. तो कोठे, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून तिथे जमिनीचे हादरे टिपणारी यंत्रे रात्रंदिवस चालू असतात आणि वेळ आली तर लोकांना कसे हलवायचे, याच्या योजना आखून ठेवलेल्या आहेत.

सगळ्यांत धाकटा ज्वालामुखी रांगितोतो. तो बंदराच्या तोंडाशी समुद्रातून वर आला आणि त्याचे बेट झाले. ही गोष्ट अवघ्या सहाशे वर्षांपूर्वीची. म्हणजे पंढरीच्या वाटेवर ज्ञानदेवांचे अभंग म्हटले जाऊ लागले होते, त्यानंतरची. न्यूझीलंडमध्ये तोवर माणसे पोहोचली होती. शेजारच्या मोतुतापु बेटावर राखेच्या थरांत पावलांचे ठसे सापडले आहेत. मोठ्या माणसांचे, लहान मुलांचे आणि त्यांच्या कुत्र्यांचेही. राख पडायची थांबली तेव्हा ही माणसे त्या राखेवरून चालली, आणि वरून पुन्हा राख पडून ठसे जपले गेले. हे तिथल्या लोकांचे वाडवडील. डोंगर कसा जन्मतो ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

आपल्या सह्याद्रीचा जन्म मात्र कोणी पाहिलेला नाही. तोही आगीतूनच आला. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून निघालेला रस थरावर थर पसरत गेला. घाटातून जाताना कड्यावर जे आडवे पट्टे दिसतात, ते हेच थर. आपली काळी कसदार जमीन हीसुद्धा त्याच दगडाची माती. तेव्हा आपण ज्वालामुखीच्या घरचेच. एक खुलासा करून ठेवतो. बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे गोल सरोवर पाहून पुष्कळांना ते ज्वालामुखीचे तोंड वाटते. ते तसे नाही. आकाशातून उल्का पडून ते विवर झालेले आहे.

आता चढायला लागू. माउंगाफाऊची उंची समुद्रसपाटीपासून १९६ मीटर, म्हणजे साधारण ६४० फूट. शहराच्या मुख्य वस्तीपासून चार-पाच किलोमीटर. गड चढलेल्या माणसाला हा डोंगर म्हणजे काहीच नाही. अर्ध्या तासाची चढण. पायथ्याशी मोटारी थांबतात. पूर्वी डांबरी रस्ता थेट माथ्यापर्यंत मोटारी नेई आणि प्रवाशांनी भरलेल्या बसगाड्यांची वर गर्दी होई. २०११ च्या अखेरीस बसगाड्या बंद झाल्या आणि २०१६ च्या आरंभी मोटारीही. ज्यांना चालणे जमत नाही त्यांच्यासाठी सोय ठेवलेली आहे. बाकी लहानथोर सगळ्यांनी पायी जायचे. पुढे वरच्या भागात जमिनीपासून उचलून धरलेली पायवाट बांधली, म्हणजे हजारो पावलांनी माती झिजू नये.

थोडे वर गेलात की डोंगराच्या अंगावर पायऱ्यांसारखे सपाट पट्टे दिसू लागतात. हे निसर्गाचे काम नव्हे. माओरी लोकांनी दगडी आणि लाकडी अवजारांनी हा उतार खोदून काढला आहे; लोखंड त्यांच्याजवळ नव्हते. एका पट्ट्यावर घरे, एकावर कोठारे, कडेला लाकडी मेढेकोट. असा तटबंदीचा डोंगर म्हणजे त्यांचा गड. आपल्या मावळातल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

त्या पट्ट्यांवर जागोजाग खड्डे आहेत. काही चौकोनी, काही गोल. आता ते गवताने भरून आले आहेत, आणि बरेच लोक त्यांच्याकडे न पाहताच पुढे जातात. शेतकरी बंधूंनो, तुम्ही मात्र तिथे थांबाल. कारण हे खड्डे म्हणजे पेव आहेत. आणि त्यांत ठेवायचे काय? रताळी!

होय, आपण एकादशीला आणि महाशिवरात्रीला खातो तीच रताळी. माओरी भाषेत त्यांना कूमारा म्हणतात. रताळ्याचे मूळ घर दक्षिण अमेरिका. आपल्याकडे ते पोर्तुगिजांच्या जहाजांतून आले असे मानतात. पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर मात्र ते त्याच्याही कितीतरी आधी पोहोचले होते, आणि तिथून माओरींच्या पूर्वजांनी होड्यांतून ते न्यूझीलंडला नेले. याला सुमारे सातशे वर्षे झाली. ती बेटे उष्ण. तिथे वेल बाराही महिने वाढतो. हवे तेव्हा उकरावे आणि खावे. न्यूझीलंडला थंडी पडते, थंडीत वेल मरतो आणि जमिनीतले रताळे सडते. आता काय करायचे? बियाणे मेले तर पुढच्या वर्षी खायचे काय?

यावर त्या लोकांनी दोन उपाय काढले. पहिला उपाय ज्वालामुखीची माती. ही माती भुसभुशीत, पाण्याचा निचरा होणारी. तीत सच्छिद्र, तांबूस दगड मिसळलेले. दगड दिवसा तापतात आणि रात्री ऊब देतात. शेतातले दगड वेचून त्यांनी बांध रचले, ढिगारे केले, त्यांच्या आडोशाला आणि उबेला वेल लावले. ऑकलंडच्या दक्षिणेला ओतुआताउआ नावाचे असे एक जुने दगडी शेत आजही जपून ठेवले आहे. दुसरा उपाय पेव. डोंगरावरची जमीन कोरडी, पाणी साचत नाही. म्हणून तिथे खड्डे खणायचे, काहींवर छप्पर घालायचे, काहींचे तोंड अरुंद ठेवायचे आणि निवडक रताळी रचून ते बंद करायचे. थंडीचा मोसम निभावून बियाणे वसंतात पुन्हा जमिनीत जायचे. आपल्याकडे ज्वारीची पेवे असत. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवे प्रसिद्ध आहेत. अरुंद तोंड, पोटात ऐसपैस जागा, कोरडी जमीन, हे सगळे शहाणपण आपलेही. दोन समाजांची एकमेकांशी कधी गाठ पडली नव्हती. पण जमीन नीट ओळखणाऱ्या माणसांना उत्तर सारखेच सापडले.

तेव्हा हा डोंगर त्या लोकांना काय होता, याचा आता अंदाज येईल. त्याने त्यांना संरक्षण दिले, पीक दिले, आणि पुढच्या वर्षीचे बियाणे सांभाळले. घरातला कर्ता वडीलधारा माणूस याहून वेगळे काय करतो?

आता माथ्यावर पोहोचू. वर आल्यावर एकदम पायांपुढे जमीन खाली जाते आणि खोल, गोल, हिरवेगार विवर दिसते. पन्नास मीटर खोल. विहिरीच्या हिशेबाने सत्तावीस-अठ्ठावीस पुरुष. त्याचे नाव ते इपु आ मताआहो, म्हणजे मताआहोचा वाडगा. मताआहो ही जमिनीच्या पोटातली गुपिते राखणारी देवता. एका कथेत असे सांगतात की मताआहोची बायको रागावून निघून गेली आणि जाताना त्याची सारी वस्त्रे घेऊन गेली. तो थंडीने कुडकुडू लागला. तेव्हा अग्नीची देवता माहुइका हिला दया आली आणि तिने त्याला ऊब देण्यासाठी जमिनीतून जागोजाग आग वर काढली. तेच हे ज्वालामुखी. शास्त्र आपल्या जागी आहे. पण एवढ्या सगळ्या टेकड्या एकाच आगीची लेकरे आहेत, हे त्या कथेने शास्त्राच्या आधीच सांगून ठेवले होते.

या वाडग्यात उतरायचे नाही. तशी पाटी तिथे आहे. एक कारण असे की उतार ठिसूळ आहे आणि पावलांनी त्याला चरे पडतात. पण मोठे कारण ते नाही. माओरी लोकांना ती जागा पवित्र आहे. आपण देवळात जातो, गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी थांबतो, तसे इथे काठावर थांबायचे. माथ्यावर बसून खाणेपिणे किंवा गोंगाट करणेही तिथल्या रीतीला धरून नाही. काठावरून पाहावे. उत्तरेला वायतेमाता बंदर, पलीकडे रांगितोतोचे बेट. नैर्ऋत्येला मानुकाउचे दुसरे बंदर. दोन समुद्रांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर शहर वसले आहे. या भूमीला माओरी लोक तामाकी माकाउराउ म्हणतात. अनेकांना हवीहवीशी वाटणारी तामाकी, असा त्याचा अर्थ. आणि त्या अर्थातच पुढची सारी कहाणी आहे.

ती कहाणी सांगण्यापूर्वी माओरींची एक रीत सांगतो. परक्या माणसांत उभे राहून आपली ओळख द्यायची असेल तर माओरी माणूस प्रथम स्वतःचे नाव सांगत नाही. आधी तो सांगतो, माझा डोंगर अमुक. मग माझी नदी अमुक, मग आमची जमात, आमचे पूर्वज. आणि नाव सर्वांत शेवटी. आपल्याकडे नव्या माणसाला अजूनही विचारतात ना, ‘गाव कोणतं पाव्हणं? कुळदैवत कोणतं तुमचं?’ त्या प्रश्नामागे हीच जाण आहे. ऑकलंडच्या या टेकड्यांना माओरी लोक तुपुना माउंगा म्हणतात, म्हणजे पूर्वज-पर्वत. ही नुसती उपमा समजू नका. डोंगर हा वंशावळीतला एक पुरुष आहे, असे ते मानतात.

आता हा पूर्वज हातचा कसा गेला ते ऐका. १८४० च्या फेब्रुवारीत इंग्रज सरकार आणि माओरी प्रमुख यांच्यात वायतांगीचा करार झाला. त्याच वर्षी नाती फातुआ या जमातीचा प्रमुख आपिहाइ ते कावाउ याने हॉब्सनला आपल्या मुलखात येऊन राहण्याचे आवतण दिले. नवे शहर वसवण्यासाठी सुमारे तीन हजार एकर जमीन दिली गेली. ती त्रिकोणी होती. तिचे एक टोक एका खाडीवर, दुसरे टोक दुसऱ्या खाडीवर आणि तिसरे टोक याच माउंगाफाऊच्या माथ्यावर. मोबदला काय? रोख पन्नास पौंड. आणि त्याखेरीज घोंगड्या, कपडे, तंबाखू, लोखंडी भांडी, कुऱ्हाडी, साखरेचे एक पोते, पिठाचे एक पोते. पुढच्याच वर्षी, १८४१ साली, सरकारने त्यातल्या अवघ्या चव्वेचाळीस एकरांचा लिलाव केला आणि त्याचे चोवीस हजार पौंडांहून अधिक आले. माओरींच्या मते जमीन पाहुण्याला राहायला दिली होती; त्यांच्यात जमिनीची खरेदी-विक्री ही रीतच नव्हती. सरकारच्या कागदावर मात्र तो पुरता व्यवहार होता. सारा, खाते, फेरफार यांच्या कागदांनी माणूस कसा गोंधळतो हे आपल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

शहर वाढू लागले. रस्त्यांना खडी हवी, रेल्वेला खडी हवी, घरांना दगड हवा. आणि ज्वालामुखीच्या टेकड्या म्हणजे खडीची आयती रास. सुरुंगाचीही फारशी गरज नाही, फावडे मारले की दगड सुटतो. मग खोदकाम सुरू झाले. एक टेकडी गेली, दुसरी गेली. ‘तीन राजे’ नावाच्या टेकड्यांतला एकच मोठा राजा उरला. रारोतोंगा नावाची टेकडी तर इतकी खणली की तिच्या जागी झालेल्या खाणीत १९६७ साली खेळांचे मैदान उघडले. माउंगाफाऊच्या पायथ्याचा काळा फत्तर कैद्यांकडून फोडवून घेतला आणि त्याच फत्तराचा तुरुंग बांधला. त्या तुरुंगाची इमारत आजही उभी आहे. माउंगाफाऊ स्वतः राखीव जागा म्हणून बऱ्याच अंशी वाचला. सर्वांचे नशीब तेवढे बलवत्तर नव्हते.

आणि माणसांचे काय? नाती फातुआ लोकांची जमीन तुकड्यातुकड्याने जात राहिली. १९५२ साली समुद्रकाठच्या त्यांच्या शेवटच्या वस्तीतून त्यांना हलवले आणि घरे जाळून टाकली. ज्यांनी शहराला जागा दिली त्यांच्याकडे त्या शहरात एक स्मशान तेवढे उरले. १९७७ च्या जानेवारीत त्यांनी बास्टियन पॉइंट नावाच्या आपल्या जुन्या जागेवर ठाण मांडले. सरकार ती जागा घरे बांधण्यासाठी देणार होते. तंबू, पत्र्याच्या खोपी आणि भाजीचे मळे करून ते तिथे ५०६ दिवस राहिले. १९७८ च्या २५ मे रोजी पोलीस आणि सैन्य आले आणि २२२ माणसांना पकडले. कोणी हात उचलला नाही. सत्याग्रह म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक आहे. हाही सत्याग्रहच होता. पुढे १९८७ साली वायतांगी न्यायाधिकरणाने त्यांच्यावर अन्याय झाल्याचे मान्य केले आणि १९९१ च्या कायद्याने ती जागा त्यांना परत मिळाली.

डोंगरांची पाळी आली ती २०१४ साली. त्या वर्षी कायदा होऊन ऑकलंडच्या चौदा पूर्वज-पर्वतांची मालकी तिथल्या तेरा जमातींकडे परत आली. माउंगाफाऊ त्यांतलाच. कायद्याने एक अट घातली, आणि ती जमातींनी मान्य केली. डोंगर त्यांच्या जमातींच्या आणि ऑकलंडच्या इतर साऱ्या लोकांच्या समान हितासाठी सांभाळायचे. कोणाला मज्जाव नाही. कारभारासाठी मंडळ नेमले, त्यात जमातींचे सहा आणि नगरपालिकेचे सहा, असे समसमान सभासद. मोटारी थांबल्या त्या याच मंडळाच्या काळात. ऑकलंडमध्ये राहणारी मराठी कुटुंबेही या डोंगरावर फिरायला जातात. त्यांच्याइतकाच कोणाही पाहुण्याचा त्यावर हक्क आहे. पण पाहुण्याच्या रीतीने वागून.

सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. २०१९ साली मंडळाने ओवाइराका या टेकडीवरची बाहेरून आणून लावलेली ३४५ झाडे तोडून देशी झाडे लावायचे ठरवले. शेजारच्या रहिवाशांना ही झाडे लहानपणापासून ओळखीची. ते विरोधाला उभे राहिले आणि प्रकरण न्यायालयात गेले. २०२२ साली वरिष्ठ न्यायालयाने सांगितले की लोकांना नीट विचारल्याशिवाय असे करता येणार नाही. दोन्ही बाजूंना टेकडीची मायाच होती. पण माया असली म्हणून आपोआप एकमत होत नाही. त्यासाठी बसून बोलावे लागते. आपल्या ग्रामसभेतही हाच अनुभव नाही का?

आता आपल्याकडे वळू. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल म्हणून काळ्या दगडाचा एक उभा सुळका आहे. उंची सुमारे दोनशे फूट, वयाने सह्याद्रीच्या बरोबरीचा. दगडाचे लांब लांब खांब एकाला एक चिकटून उभे राहावेत तसा तो दिसतो. भोवतालचा डोंगर खाणवाल्यांनी खोदून नेला, सुळका उरला. माथ्यावर गावदेवीचे देऊळ आहे, आणि खाली घरे अगदी अंगाला भिडली आहेत. माउंगाफाऊ पाहायला बारा हजार किलोमीटर जाणे प्रत्येकाला थोडेच जमणार? गिल्बर्ट हिल लोकलने जाऊन पाहता येईल. आणि आपल्या गावची टेकडी तर चालतच.

खडी लागते, हे खरे. रस्ता हवा, धरण हवे, शाळेची इमारत हवी. दगड कोठून तरी येणारच. ऑकलंडच्या लोकांनाही तो लागलाच. पण कोणता डोंगर द्यायचा आणि कोणता नाही, हे ठरवण्यापूर्वी तो डोंगर कोणाचा कोण लागतो, हे विचारायची पद्धत त्यांना फार उशिरा सुचली. तोवर कित्येक टेकड्या रस्त्यांखाली गेल्या होत्या. गेलेली टेकडी कोणत्याही कायद्याने परत येत नाही. आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत खडीच्या यंत्रांचा आवाज चालू आहे. तेव्हा हा प्रश्न आपल्याला वेळेवर विचारता येईल.

शिक्षक बंधुभगिनींनो, शेवटचे सांगणे तुम्हांला आहे. वर्गातल्या मुलांना घेऊन एक दिवस गावाजवळच्या डोंगरावर किंवा टेकडीवर जा. जाण्यापूर्वी मुलांना घरी विचारून यायला सांगा : या डोंगराचे नाव काय, आणि ते का पडले? याचे पाणी कोणत्या ओढ्याला जाते? वर कोणते देव आहेत, आणि जत्रा केव्हा भरते? दुष्काळात, साथीत किंवा धामधुमीत कोणी याचा आसरा घेतला होता का? जुन्या पेवांच्या, टाक्यांच्या, तटाच्या खुणा आहेत का? आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत याचा किती भाग खोदून गेला? उत्तरे एका वहीत लिहून ठेवा, आजोबा-आजींची नावे त्यांखाली घाला, आणि ती वही शाळेत जपून ठेवा. उद्या त्या डोंगराविषयी गावात काही ठरवायची वेळ आली, तर ती वही ग्रामसभेपुढे ठेवता येईल.